एडमंड हॅले आणि परतून येणारा धूमकेतू

आकाशात शेंडेनक्षत्र दिसू लागले म्हणजे गावोगावी दोन प्रश्न उठतात. पहिला असा की, हे कोणावर आले? दुसरा असा की, हे आले कोठून व जाते कोठे? पहिला प्रश्न भयाचा आहे, दुसरा ज्ञानाचा. पुष्कळ शतके मनुष्यजात पहिलाच प्रश्न विचारीत बसली, आणि त्याचे उत्तर देणाऱ्यांनी तिच्या भयावर आपली पोटे भरली. आमच्या मंडळ्यांतील बंधुभगिनींनी मुहूर्त पाहणे सोडले, नवस सोडले, तरी आकाशातील खुणांचे भय अजून पुष्कळ घरांतून गेलेले नाही, हे उपदेशक बंधूंस ठाऊकच आहे. ह्याकरिता ज्या पुरुषाने दुसरा प्रश्न विचारून त्याचा छडा लावला, त्याचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रथम जुन्या समजुतीविषयी दोन शब्द. आपल्या देशात सहाव्या शतकात वराहमिहिर नावाचा मोठा ज्योतिषी होऊन गेला. त्याच्या बृहत्संहिता नामक ग्रंथात केतुचार म्हणून एक अध्याय आहे. कोणत्या आकाराचा केतू कोणत्या दिशेस दिसला असता कोणते फळ मिळते, हे त्यात विस्ताराने सांगितले आहे. आणि केतूंचा उदय व अस्त गणिताने जाणता येत नाही, असेही त्यात म्हटले आहे. युरोपातील लोकही ह्या बाबतीत आमच्यापेक्षा शहाणे नव्हते. राजाचा मृत्यू, लढाई, महामारी, ह्यांपैकी काहीतरी धूमकेतूच्या मागोमाग आलेच पाहिजे असे तेथील राव व रंक दोघेही मानीत. जे गणितात सापडत नाही त्याचे भय वाटते, हा मनुष्यस्वभावच आहे. एडमंड हॅले ह्याने केलेली मोठी गोष्ट ही की, जे गणितात येत नाही असे सर्व जग समजत होते ते त्याने गणितात आणले.

हॅले ह्याचा जन्म लंडन शहरालगतच्या हॅगर्स्टन गावी ८ नोव्हेंबर १६५६ रोजी झाला. त्याचा बाप साबण करण्याचा धंदा करीत असे व त्यात त्याने चांगला पैसा मिळविला होता. मुलगा आठ-नऊ वर्षांचा असताना, १६६४ व १६६५ साली, लागोपाठ धूमकेतू दिसले. त्याच सुमारास लंडनात महामारीची भयंकर साथ आली, आणि १६६६ साली आग लागून शहराचा मोठा भाग जळून गेला. त्या आगीत हॅलेच्या बापाचेही नुकसान झाले. धूमकेतूंनीच हे अरिष्ट आणले असे लंडनच्या लोकांच्या तोंडी झाले. ज्या नगरात असे बोलणे चालले होते त्याच नगरात हा मुलगा वाढत होता, आणि पुढे त्याच विषयाचा निकाल त्याच्या हातून लागावयाचा होता.

सेंट पॉल शाळेत शिकून १६७३ साली तो ऑक्सफर्डच्या क्वीन्स कॉलेजात गेला. बापाने त्यास चांगली दुर्बीण व इतर यंत्रे घेऊन दिली होती. युरोपातील ज्योतिषी उत्तरेकडील ताऱ्यांची मोजणी करीत होते, परंतु दक्षिणेकडील पुष्कळ तारे त्यांच्या देशातून दिसतच नसल्यामुळे त्यांची बरोबर यादी कोणापाशी नव्हती. हॅलेने पदवी मिळण्याची वाट न पाहता १६७६ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजातून सेंट हेलेना बेटाची वाट धरली. हे बेट आफ्रिकेच्या पश्चिमेस भर समुद्रात आहे. तेथील आकाश पुष्कळदा अभ्रांनी झाकलेले असे. तरी चिकाटीने राहून त्याने ३४१ ताऱ्यांची स्थाने मोजली, आणि १६७७ च्या नोव्हेंबरात बुध ग्रह सूर्यबिंबावरून जाताना पाहिला. परत आल्यावर राजाच्या आज्ञेने त्यास पदवी मिळाली, व १६७८ साली, वयाची २२ वर्षे पुरी होत असताना, लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यास आपला सभासद करून घेतले.

१६८० च्या अखेरीस एक फार मोठा धूमकेतू दिसला. हॅले त्या वेळी फ्रान्स देशात प्रवास करीत होता. पॅरिसच्या वेधशाळेत कासिनी नावाच्या ज्योतिष्याबरोबर त्याने तो पाहिला व त्याचा मार्ग काढण्याचा यत्न केला, परंतु काही केल्या तो जुळेना. त्याच वर्षी आपल्या महाराष्ट्रात छत्रपती शिवाजी महाराज निवर्तले, हे वाचकांस माहीत आहे. महाराज एप्रिलात गेले व धूमकेतू नोव्हेंबरात दिसला. तो आधी दिसला असता, तर त्यानेच महाराजांस नेले असे लोकांनी खात्रीने म्हटले असते. आणि आजही कोणी वर्षाचा आकडा तेवढा पाहून तसे म्हणेल. अशा रीतीने खोटी साक्ष तयार होते.

पुढे १६८२ साली हॅलेचे मेरी टूक नावाच्या स्त्रीशी लग्न झाले व ती दोघे इस्लिंग्टन येथे राहू लागली. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात आणखी एक धूमकेतू दिसला. हा मागच्याएवढा मोठा नव्हता. हॅलेने घरच्या यंत्रांनी त्याची स्थाने मोजून टिपून ठेवली. औरंगजेब बादशहा त्या वर्षी दक्षिणेत येऊन औरंगाबादेस राहिला होता. इकडे त्याच्या छावणीत त्या धूमकेतूकडे पाहून ज्योतिष्यांनी काही भाकिते केली असतील, तर ती त्यांच्याबरोबर गेली. हॅलेच्या वहीतले आकडे मात्र आजपर्यंत उपयोगी पडत आहेत.

आता ह्या गोष्टीत सर ऐझॅक न्यूटन येतो. सूर्य ग्रहांस आपणाकडे ओढतो, व अंतर दुप्पट झाले असता ती ओढ चतुर्थांश होते, अशी काही विद्वानांची अटकळ होती. परंतु अशा ओढीने ग्रहाचा मार्ग कोणत्या आकाराचा होईल हे कोणास सिद्ध करता येत नव्हते. १६८४ साल हॅलेस फार दुःखाचे गेले. मार्च महिन्यात त्याचा बाप घरातून निघून गेला तो परत आला नाही, आणि काही आठवड्यांनी त्याचे प्रेत नदीकाठी सापडले. त्यास कोणी तरी मारले होते. ह्या शोकातून व मागे राहिलेल्या मिळकतीच्या भानगडींतून वेळ काढून हॅले ऑगस्टात केंब्रिजास गेला व त्याने हा प्रश्न न्यूटनास विचारला. तो मार्ग लंबवर्तुळ होय, हे आपण पूर्वीच सिद्ध केले आहे असे न्यूटनाने सांगितले, पण तो कागद शोधूनही सापडला नाही. हॅलेने त्यास पुन्हा लिहून काढण्याची गळ घातली, आणि त्यातूनच न्यूटनाचा तो जगप्रसिद्ध ग्रंथ तयार झाला.

हा ग्रंथ छापण्यास रॉयल सोसायटीपाशी पैसा नव्हता. तिने नुकतेच मत्स्यांविषयी एक भारी खर्चाचे पुस्तक छापले होते व ते खपले नव्हते. तेव्हा हॅलेने न्यूटनाचा ग्रंथ स्वतःच्या पैशाने छापला, त्याची मुद्रिते तपासली, न्यूटन रुसला असता त्याची समजूत घातली, आणि १६८७ साली ग्रंथ बाहेर काढला. सोसायटीने ह्या चाकराचा पगार रोख न देता त्या मत्स्यांच्या पुस्तकाच्या ५० प्रती देऊन भागविला! दुसऱ्याच्या दिव्यात तेल घालणारे लोक जगात थोडे असतात. हॅले स्वतः मोठा विद्वान असून त्याने हे काम मत्सर न धरता केले, हा त्याचा गुण आम्हांस फार मोठा वाटतो.

हॅलेची बुद्धी एकाच ठिकाणी गुंतून राहणारी नव्हती. १६८६ साली त्याने समुद्रावरील वाऱ्यांचा नकाशा छापला. त्यात आपल्या हिंदी महासागरावरून सहा महिने एका दिशेने व सहा महिने दुसऱ्या दिशेने वाहणारे मोसमी वारेही दाखविले होते. नगर जिल्ह्यातील शेतकऱ्यास पाऊस कोणत्या वाऱ्याने येतो हे सांगावयास नको. पाऊस शेंडेनक्षत्राने अडत नाही, तो वाऱ्याच्या चालीवर अवलंबून आहे, ह्या विचाराचा मार्ग दाखविणाऱ्यांत हॅले हा एक होता. पुढे १६९८ पासून १७०० पर्यंत एका लहान राजकीय जहाजाचा कप्तान होऊन त्याने अटलांटिक महासागरात दोन सफरी केल्या, व होकायंत्राची सुई कोठे किती ढळते ह्याचा नकाशा केला.

त्याच्या आणखी एका कामात आमच्या पाळक बंधूंनी विशेष लक्ष घालावे. ब्रेस्लाव शहरात कास्पर नॉयमान नावाचा प्रॉटेस्टंट पाळक होता. मनुष्याच्या आयुष्यात सातव्या व नवव्या पटीची वर्षे घातक असतात, असा त्या काळी समज होता. नॉयमानाने आपल्या शहरातील जन्ममृत्यूंची नोंद काळजीपूर्वक जमवून हा समज खोटा असल्याचे दाखविले. तीच नोंद हॅलेच्या हाती आली, व तीवरून १६९३ साली त्याने कोणत्या वयाची किती माणसे जिवंत राहतात ह्याचे कोष्टक केले. आयुष्याच्या विम्याचे गणित पुढे अशाच कोष्टकांवर उभे राहिले. मंडळीच्या नोंदवहीत बाप्तिस्मा व दफन लिहिताना ज्या बंधूंस कंटाळा येतो त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आता हॅलेच्या धर्माविषयी सांगितले पाहिजे, कारण चरित्रात अर्धे सांगून अर्धे झाकणे आम्हांस योग्य वाटत नाही. तो भक्तिमान मनुष्य म्हणून प्रसिद्ध नव्हता. १६९१ साली ऑक्सफर्ड येथील ज्योतिषाच्या अध्यापकाची जागा त्याने मागितली, परंतु त्याच्या मतांविषयी धर्माधिकाऱ्यांस शंका आल्यामुळे ती त्यास मिळाली नाही. १७०४ साली मात्र त्याच ठिकाणी भूमितीचा अध्यापक म्हणून त्याची नेमणूक झाली. त्याच्या अंतःकरणात काय होते हे अंतःकरणे पारखणारा प्रभू जाणतो. आम्ही त्यास साधू करीत नाही व त्याचा न्यायही करीत नाही. इतके मात्र खरे की, सृष्टीचे पुस्तक त्याने प्रामाणिकपणे वाचले, आणि जे वाचले ते सर्वांस उघड करून सांगितले.

आता मुख्य विषयाकडे वळू. धूमकेतू हाही न्यूटनाच्या नियमाने चालत असला पाहिजे, असे धरून हॅलेने जुनी टिपणे जमविली व २४ धूमकेतूंचे मार्ग गणिताने काढले. हे काम किती कष्टाचे असेल ह्याची कल्पना करा. यंत्र नाही, मदतनीस नाही, एकेका धूमकेतूसाठी आकड्यांचे ताव भरावयाचे. हे मार्ग शेजारी शेजारी मांडून पाहता त्यास तिघांत विलक्षण साम्य दिसले. ते १५३१, १६०७ व १६८२ सालचे धूमकेतू होत. तिघेही ग्रहांच्या उलट दिशेने फिरत होते. तिघांच्या मार्गाचा कल जवळजवळ सारखा होता. आणि तिघेही सूर्यापासून जवळजवळ तितक्याच अंतरावरून वळले होते. आठवड्याच्या बाजारात हरवलेला बैल शिंगे, रंग व पायावरचा डाग पाहून धनी ओळखतो. तसे हॅलेने ओळखले की, हे तीन धूमकेतू नव्हत, एकच धूमकेतू तीन वेळा आला. मधली अंतरे ७६ व ७५ वर्षांची होती. एवढा फरक कशाने पडला? वाटेत गुरू हा थोर ग्रह त्यास ओढून त्याची चाल कमीजास्त करतो, हे कारणही त्याने सांगितले. हा शोध त्याने १७०५ साली प्रसिद्ध केला, आणि हा धूमकेतू १७५८ च्या सुमारास पुन्हा येईल असे निर्भयपणे लिहून ठेवले. दोनच वर्षांनी औरंगजेब बादशहा नगराजवळ भिंगार येथे मरण पावला. त्या मरणाची खूण म्हणून कोणताही हॅलेचा धूमकेतू आला नाही; तो त्या वेळी आपल्या मार्गाने फार दूर चालला होता.

तो किती दूर जातो, हे आज चांगले ठाऊक झाले आहे. धनगराचे पोर गोफण फिरवते तेव्हा दोरीने धोंडा आवरून धरलेला असतो, म्हणून तो भोवती फिरतो. सूर्याची ओढ ही अशीच न दिसणारी दोरी आहे. मात्र धूमकेतूचा फेरा वाटोळा नसून अतिशय लांबट असतो, व सूर्य त्याच्या एका टोकाजवळ असतो. हॅलेचा धूमकेतू सूर्यापासून सुमारे ८ कोटी ८० लाख किलोमीटर अंतरावर येऊन वळतो. त्या वेळी तो एका सेकंदात ५४ किलोमीटरांहून अधिक धावतो. तेथून तो दूर दूर जात सुमारे ५२५ कोटी किलोमीटरांपर्यंत जातो. नेपच्यून ग्रहाची वाटही त्याच्या अलीकडेच राहते. वर फेकलेला दगड माथ्यावर पोहोचताना मंद होतो, तसा हा त्या दूरच्या टोकावर मंद होत होत सेकंदास एका किलोमीटराहूनही कमी चालतो. सूर्याचा प्रकाश आपणांपाशी सुमारे ८ मिनिटांत येतो. त्या टोकास पोहोचण्यास त्यास जवळजवळ ५ तास लागतात. तरी सूर्याची ओढ तेथेही सुटत नाही. ती त्यास मागे वळविते व तो परत येतो.

हे लिहून ठेविले तेव्हा हॅलेचे वय जवळजवळ ५० होते. १७५८ साल पाहण्यास त्यास शंभर वर्षांहून अधिक जगावे लागले असते. आपण ते पाहणार नाही, हे त्यास उघड दिसत होते. तरी तो हात जोडून बसला नाही. १७१५ साली इंग्लंडात खग्रास सूर्यग्रहण व्हावयाचे होते. त्याची छाया कोणत्या गावांवरून जाईल ह्याचा नकाशा त्याने आधीच छापून वाटला, तो अशाकरिता की, दिवसा अंधार पडलेला पाहून लोकांनी भिऊ नये व त्यात अपशकुन मानू नये. ग्रहण त्याने सांगितल्या वेळेच्या अगदी जवळ झाले. १७२० साली, वयाच्या ६४ व्या वर्षी, त्यास ग्रीनिच येथील राजज्योतिषी नेमले. वेधशाळा रिकामी होती. पूर्वीच्या ज्योतिष्याची यंत्रे त्याचे वारस घेऊन गेले होते. चंद्राच्या चालीचा पुरा फेरा पाहण्यास १८ वर्षे लागतात. चौसष्टीचा मनुष्य हे काम हाती घेतो ह्याचे पुष्कळांस नवल वाटले असेल. त्याने नवी यंत्रे बसवून काम आरंभिले आणि तो फेरा पुरा पाहिला. १७४२ च्या जानेवारीत, ८५ वर्षांचा होऊन, तो वारला.

तो गेला आणि १६ वर्षे लोटली. १७५८ साल उजाडले. हॅलेचे म्हणणे खरे ठरते की नाही, ह्याकडे साऱ्या युरोपाचे डोळे लागले. पॅरिसात क्लेरो नावाच्या गणित्याने, लालांद व मादाम लपोत ह्यांच्या साहाय्याने, महिनेच्या महिने आकडेमोड करून असे काढले की, गुरू व शनी ह्यांच्या ओढीमुळे धूमकेतूस ह्या खेपेस ६१८ दिवसांचा उशीर होईल, आणि १७५९ च्या एप्रिलाच्या मध्याच्या आसपास, महिनाभर मागेपुढे, तो सूर्याजवळ येईल. मोठमोठ्या वेधशाळांतून शोध चालला होता. वर्ष संपत आले तरी धूमकेतूचा पत्ता नव्हता. शेवटी २५ डिसेंबर १७५८ रोजी, नाताळाच्या रात्री, तो दिसला. प्रथम कोणी पाहिला? जर्मनीत ड्रेसडेन शहराजवळ प्रोहलिस नावाचे खेडे होते, तेथील योहान गेओर्ग पालिच ह्या शेतकऱ्याने! हा मनुष्य शेत कसून पोट भरीत असे व रात्री आपल्या दुर्बिणीतून आकाश पाहत असे. जे विद्वानांच्या नगरांस दिसले नाही ते देवाने एका कुणब्याच्या दृष्टीस पाडले. बेथलेहेमाजवळच्या रानातील मेंढपाळांची आठवण कोणास होणार नाही? धूमकेतू १३ मार्च १७५९ रोजी सूर्याजवळून वळला. तेव्हापासून त्यास हॅलेचे नाव पडले.

आता आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासावरून ह्या पाहुण्याच्या खेपा मोजून पाहा. १५३१ साली तो आला तेव्हा नगरात बुऱ्हाण निजामशहा राज्य करीत होता. १६०७ साली नगरचा किल्ला मोगलांकडे गेला होता व मलिक अंबर निजामशाही सावरून धरीत होता. १६८२ चे वर सांगितलेच आहे. १७५९ साली नगरचा किल्ला निजामाकडून पेशव्यांकडे आला. १८३५ साली नगरावर इंग्रजांचा अंमल होता, व १८३१ च्या डिसेंबरात येथे अमेरिकन मिशनाचे ठाणे पडून त्यास चार वर्षे होत होती. १९१० साली रेव्हरंड नारायण वामन टिळक नगरासच राहत होते. त्या वर्षी मे महिन्यात पृथ्वी धूमकेतूच्या शेपटीतून जाणार, व त्यातील विषारी वायूने सर्व मरणार, अशी हूल जगभर उठली. काही देशांत लबाड लोकांनी त्यावर गोळ्या विकून पैसे केले. पृथ्वी गेली, कोणाच्या केसासही धक्का लागला नाही. त्याच महिन्यात सातवा एडवर्ड बादशहा मरण पावला, तेही पुष्कळांनी धूमकेतूच्या माथी मारले. राज्ये आली, राज्ये गेली. धूमकेतू त्यांच्याकरिता आला नाही व त्यांच्याकरिता थांबला नाही. तो आपल्या निर्माणकर्त्याने घालून दिलेल्या वाटेने आपल्या वेळेस आला.

१९८६ साली तो पुन्हा आला तेव्हा मनुष्याने पाठविलेली याने त्याच्याजवळ गेली. युरोपातील देशांचे जिओट्टो नावाचे यान १४ मार्च रोजी त्याच्यापासून सुमारे ६०० किलोमीटरांवरून गेले. तेव्हा दिसले की, एवढ्या तेजस्वी दिसणाऱ्या वस्तूचा गाभा म्हणजे बर्फ व धूळ ह्यांचा सुमारे १५ किलोमीटर लांबीचा, कोळशासारखा काळा गोळा आहे. सूर्याजवळ आल्यावर त्याचा बर्फ वाफ होऊन उडतो, धूळ निघते, आणि सूर्याच्या तेजाने ती सूर्याच्या विरुद्ध दिशेस लोटली जाते. तेच त्याचे शेपूट. अशा रीतीने दर खेपेस तो थोडाथोडा झिजतो. वाटेत सांडलेली त्याची धूळ दरवर्षी मे महिन्याच्या आरंभी व ऑक्टोबराच्या उत्तरार्धात पृथ्वीस लागते, आणि आपण पहाटे उल्का पडताना पाहतो. धूमकेतू दूर असला तरी त्याची धूळ अशी दोनदा आपल्या अंगणावर चमकून जाते.

सर्वच धूमकेतू हॅलेच्या धूमकेतूसारखे नाहीत. एन्के नावाचा धूमकेतू सव्वातीन वर्षांत फेरा पुरा करतो. १९९७ साली सर्वांनी पाहिलेला हेल-बॉप सुमारे २,४०० वर्षांनी परत यावयाचा आहे. काही सूर्यात पडून नाहीसे होतात, काही फुटतात, एकाचे तुकडे १९९४ च्या जुलैत गुरू ग्रहावर आपटले. काहींस गुरूची ओढ असा धक्का देते की, ते सूर्याची दोरी तोडून ताऱ्यांमधल्या काळोखात जातात व पुन्हा कधी येत नाहीत. तसेच दुसऱ्या ताऱ्यांच्या प्रदेशातून सुटून आलेले पाहुणे २०१९ व २०२५ साली आपल्या सूर्याजवळून गेले. यान ऊर्ट ह्या डच ज्योतिष्याने १९५० साली असे दाखविले की, फार लांबून येणाऱ्या धूमकेतूंचे ठिकाण सूर्यमालेच्या अगदी सीमेवर आहे. पृथ्वी व सूर्य ह्यांमधील अंतर एक पाऊल धरा. मग हॅलेचा धूमकेतू ३५ पावले जातो, म्हणजे देवळाचे आवारही ओलांडीत नाही. परंतु त्या सीमेवरील धूमकेतू ५०,००० पासून १ लाख पावलांपर्यंत आहेत, म्हणजे नगराहून निघून नेवासे ओलांडून जावे इतके! आणि सर्वांत जवळचा तारा त्याहूनही पुढे, सुमारे २ लाख ६८ हजार पावलांवर.

प्रिय बंधूंनो, ह्या चरित्रापासून तीन गोष्टी घ्या. पहिली ही की, आकाशातील चिन्हांस भिऊ नये, अशी आज्ञा यिर्मया संदेष्ट्याच्या दहाव्या अध्यायात देवाने आपल्या लोकांस दिली आहे. पुढे धूमकेतू दिसेल तेव्हा दारे लावून घेऊ नका; मुलांस अंगणात आणा, दिशा दाखवा, आणि ताऱ्यांची संख्या ठरविणाऱ्या प्रभूचे स्तवन करा.

दुसरी ही. धूमकेतू दिसला की प्रभूच्या आगमनाची तारीख सांगत फिरणारे लोक आमच्या मंडळ्यांतही येतात. त्यांस इतकेच विचारावे की, ज्याच्या येण्याचा दिवस मनुष्य लेखणीने काढू शकतो, तो धूमकेतू, ज्या दिवसाचे व घटकेचे ज्ञान कोणाही मनुष्यास नाही असे मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात प्रभूने सांगितले, त्या दिवसाचे घड्याळ कसा होईल? प्रभूची वाट जागृतीने, प्रार्थनेने व सत्कर्माने पाहावयाची असते.

तिसरी गोष्ट खेड्यांत एकट्याने काम करणाऱ्या उपदेशकांसाठी आहे. वर्षानुवर्षे शिकवून, समजावून, आजाऱ्यांस भेटून फळ दिसत नाही, म्हणून कित्येकांचे मन खचते. हॅलेने आकडे मांडले, खूण सांगितली आणि निजला. ज्याने ती खूण पाहिली तो एक परदेशी शेतकरी होता. पेरणारा व कापणारा ह्यांविषयी योहानाच्या चौथ्या अध्यायात प्रभूने जे शिकविले तेच येथे दिसते. ज्यास सृष्टीच्या नियमावर भरवसा होता त्याने आपल्या मरणापलीकडचे काम धीराने केले. मग ज्यांस त्या नियमाच्या कर्त्याचे वचन मिळाले आहे त्यांनी किती अधिक धीर धरावा!

हॅलेचा धूमकेतू २०२३ च्या डिसेंबरात आपल्या मार्गाच्या दूरच्या टोकास पोहोचला, आणि तेथून वळून आता आपणाकडे येण्यास निघाला आहे. डोळ्यांस तो दिसत नाही, तरी येत आहे. २०६१ च्या जुलैत तो सूर्याजवळ येईल. आज हे वाचणाऱ्यांपैकी पुष्कळ जण तोपर्यंत प्रभूपाशी विसाव्यास गेलेले असतील. परंतु ज्या बालकांस आपण ह्या वर्षी बाप्तिस्म्यास आणले, ती त्या वेळी आपल्या मुलांस घेऊन अंगणात उभी राहतील. त्या दिवशी त्यांच्या मुखी हे कोणावर आले असा प्रश्न नसावा, निर्माणकर्त्याची स्तुती असावी. ह्याकरिता आजच त्यांस शिकविण्यास लागू या.